चंद्रीचा नंबर माझ्या मोबाईलवर येतो

१२ जानेवारी, रविवार

आणि वर विहीणबाई मला म्हणतात, तुमच्याकडं चहात टाकायला दूध न्हाई, आमची सून काय झाडपाला खाऊन बाळंत व्हनार का. फोनवर. मोठ्या आवाजात. हे शेजारी बसून ऐकत होते, खाली मान घालून हसत होते. विहीणबाईंचं सगळं असंच. लग्नात म्हणाल्या आमाला काय नको, फक्त पोरगी द्या. दिली. आता तीच पोरगी चार महिन्यांसाठी परत पाठवायची तर अटी. पहिलं बाळंतपण माहेरी करतात हे काय मी शोधून काढलं? सातवा लागलाय, ओटी भरायची आणि घेऊन यायची, एवढंच काम. तर म्हणे दारात दुभतं जनावर असल तरच पाठवू, न्हाईतर कोपरगावातच करू.

मी म्हणाले डेअरी घरासमोर आहे, पाहिजे तेवढं दूध मिळतं. तर म्हणे, तुमी आनून देनार व्हय? तुमी तर दुधाला हात लावत न्हाई.

हे त्यांना कोणी सांगितलं? शशीनं. माझी सख्खी जाऊ, भिंतीला भिंत लागून घर. तिच्याशिवाय कोणी नाही.

पोरीला, सोनीला, फोन केला. उत्तर नाही. परत केला. उत्तर नाही. इथून पुढं नुसतं उ.ना. लिहीन.

१३ जाने., सोम.

पौर्णिमा. विहारात वंदनेला गेले. पंचशील सगळ्या बायांनी मोठ्यानं म्हटलं. पहिलंच शील, जीव घेण्यापासून लांब राहीन. त्यानंतर एकीच्या नातवाचं जेवण होतं, मटण. मी कोणाच्या ताटात बघत नाही. आयुष्यभर मी पण खाल्लंय, चवीनं खाल्लंय. मी माझी भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी डब्यात घेऊन गेले होते, कोपऱ्यात बसून खाल्ली.

शशी म्हणाली, "आली बामनीन डबा घेऊन."

मी म्हणाले, "बामनीन तूप खाती. मी ते बी खात न्हाई."

बाया हसल्या. शशी पण हसली. पण हसून झाल्यावर तिनं माझ्याशेजारची जागा बदलली, ते मला दिसलं.

सोनी उ.ना.

१५ जाने., बुध.

मास्तरीणबाई घरी आल्या होत्या, मोबाईलवर गॅसचा नंबर लावून घ्यायला. गावात कोणाचं काही अडलं की माझ्याकडंच येतात. चौथी शिकलेली बाई, पण पेन्शनचा दाखला, गॅस, सातबारा, पोरांचे फॉर्म, सगळं मी मोबाईलवर करते. लॉकडाऊनमध्ये शिकले. शिकवलं कोणी नाही, चुकत चुकत.

तर मास्तरीणबाई म्हणाल्या, कांताबाई, तुम्ही खाणंपिणं सोडलंत हे फार चांगलं केलं, किती सात्त्विक झालात. मला ते ऐकून काहीतरीच वाटलं. आमच्या घरात काय शिजतं त्यावरून मास्तरीणबाईंच्या घरातले लोक पूर्वी नाक मुरडायचे. आता मी सोडलं तर शाबासकी द्यायला आल्या. मी म्हणाले, सात्त्विक वगैरे काही नाही बाई, तुमच्या देवापुढचं पंचामृत पण मला चालत नाही, दूध दही तूप मध सगळं जनावराकडून हिसकावलेलं. त्यांचं तोंड उतरलं. गॅसचा नंबर लागल्यावर चहा न घेताच गेल्या. कोराच होता म्हणा.

इकडचे मला बामनीन म्हणतात आणि तिकडचे सात्त्विक. गाय कोणाला दिसत नाही.

१६ जाने., गुरु.

आमच्या गायीला, चंद्रीला, वाढे टाकले. उसाची तोड चालू आहे तोवर वैरणीची ददात नाही. ती निवांत खाते. डाव्या कानात पिवळा बिल्ला, बारा आकडे, मला पाठ आहेत.

तीन वेळा भरवली, तीन वेळा उलटली. आता डॉक्टर म्हणाले राहणार नाही. म्हणजे भाकड. हे दिवसातून एकदा तरी तो शब्द काढतात. शिवी दिल्यासारखा नाही म्हणत, हळूच म्हणतात, भाकडच की आता. आणि मग तिच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवतात.

हे वाईट नाहीत. हे मी इथं लिहून ठेवते कारण उद्या परवा मी ह्यांच्यावर लई रागावणार आहे.

१८ जाने., शनि.

तेच झालं. सकाळी हे व्यापाऱ्याला घेऊन आले. कधी बोलावला, कधी ठरलं, मला पत्ता नाही. त्यानं चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवला, दात बघितले. ही द्यायची आणि नुकतीच व्यालेली घ्यायची, असं ह्यांचं ठरलंय. सोनी यायच्या आत दारात दूध.

मी विचारलं ही कुठं जाणार. म्हणाला, शेतकऱ्यालाच देनार मावशी. मी म्हणाले कोणत्या शेतकऱ्याला, नाव सांगा, गाव सांगा, मोबाईल नंबर द्या, मी लिहून घेते.

तो ह्यांच्याकडं बघून हसला. "मावशी, तुमी काय गायीला फोन करनार हाय का?"

हे पण हसले. मला सांगा, भाकड गाय घेऊन कोणता शेतकरी काय करणार आहे? कायद्यानं कापायची नाही, म्हणून सगळे म्हणतात शेतकऱ्याला. विकणारा म्हणतो, घेणारा म्हणतो. त्या शेतकऱ्याला अजून कोणी बघितलेला नाही.

नवीन गायीचं विचारलं. आठ दिवसांची व्यालेली. खाली काय? गोऱ्हा. मग तो कुठाय? म्हणाला, तो तिकडंच ऱ्हाईल, तुमाला कशाला झंझट.

झंझट.

१९ जाने., रवि.

काल पुढं लिहिता आलं नाही. आज लिहून टाकते.

पाच वर्षं झाली. चंद्रीला दुसऱ्या वेताला गोऱ्हा झाला. पांढरा, कपाळावर काळा ठिपका. संकरित गोऱ्ह्याचा काही उपयोग नाही, वशिंड नाही, औताला चालत नाही. सगळीकडं करतात तेच आम्ही केलं. मागं चिंचेखाली बांधला. दूध डेअरीला. त्याला पाण्यात कालवलेलं पीठ, ते पण आठवलं तर. तो माती चाटायचा म्हणून तोंडाला मुस्कं बांधलं. ह्यांनी नाही. मी बांधलं. सहाव्या दिवशी सकाळी मान टाकलेली होती. चंद्री इकडून हंबरायची आणि मी तिच्या खाली बसून धार काढत होते.

त्यानंतर दहा बारा दिवसांनी मोबाईलवर एक व्हिडिओ आला. परदेशातला गोठा, पण तेच. तीच चरवी, तोच दोर, फक्त मशीन मोठी. तेव्हा कळलं की हे सोडणारे लोक आहेत, त्यांना व्हीगन म्हणतात. मला वाटलं होतं माझंच डोकं फिरलंय.

तेव्हापासून दूध प्यायले नाही. पण काढत होते. चार वर्षं रोज दोन वेळा काढलं आणि डेअरीत घातलं. हे कोणाला सांगत नाही. मोबाईलवरच्या व्हीगन ग्रुपवर तर नाहीच.

२१ जाने., मंगळ.

ग्रुपवर विचारलं. पुण्यामुंबईचे लोक आहेत, काजूच्या चीजचे फोटो टाकतात, केक टाकतात. चांगले आहेत, मला कांताताई म्हणतात. मी बोलून मेसेज केला, माझी गाय भाकड आहे, घरचे विकायला निघालेत, कुठं ठेवू. सतरा जणांनी बदाम पाठवले. एकीनं रडणारं तोंड. एकानं जनावरं सांभाळणाऱ्या संस्थांची यादी दिली.

यादीतल्या सगळ्यांना फोन. दोन बंद. एकानं सांगितलं जागा नाही. एकानं फॉर्म पाठवला, इंग्रजीत. मोबाईलनं मराठी करून भरला, फोटो लावला, बिल्ल्याचा नंबर लावला. लगेच उत्तर आलं: सध्या फक्त जखमी जनावरं घेतो.

जखमी नाही ही तिची चूक.

एका मुलीनं लिहिलं, ताई, तुम्ही नवऱ्याला समजावून सांगा ना, सगळं प्रेमानं होतं. मोबाईल पालथा ठेवला.

२२ जाने., बुध.

आज जे झालं ते नीट लिहायला पाहिजे.

दुपारी भांडी घासत होते. शशी दारातून म्हणाली, कांताक्का, नंबर आला आसल बघ. मी ओला हात पदराला पुसला, मोबाईल बघितला, सहा आकडे वाचून दाखवले. ती ते तोंडानं घोकत गेली. मी परत भांड्याला लागले. तवा घासून झाला, कढई घासून झाली, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय केलं.

शशीची तांबडी गाय गेली. तिच्या दाराशी टेम्पो उभा होता, मी बघितला होता. मला वाटलं खत आलं.

आमच्या आळीत बिल्ले मारले तेव्हा डॉक्टरबरोबर मीच फिरले होते. प्रत्येक जनावराच्या नावापुढं मालकाचा मोबाईल नंबर लागतो. बायांकडं मोबाईल नव्हते, गड्यांचे नंबर कोणाला पाठ नव्हते, डॉक्टरला घाई होती. मी म्हणाले माझाच टाका, मी कुठं पळून चालले. डॉक्टर खूश. सगळ्यांना तेव्हा वाटलं कांता हुशार. मला पण वाटलं.

आता जनावर विकायचं, नावावरून काढायचं, की माझ्या मोबाईलवर ओटीपी येतो. कोणीतरी दारातून विचारतं, मी वाचून दाखवते. गॅसचा, बँकेचा, पेन्शनचा, सगळेच ओटीपी मी वाचून दाखवते. त्यातच हे पण.

जुने मेसेज काढून बघितले. खाली खाली गेले. अकरा.

अकरा जनावरं माझ्या तोंडून गेली. आणि मी बिस्किटाच्या पुड्याचा फोटो काढून त्यात दुधाची पावडर आहे का बघत बसते.

२३ जाने., गुरु.

जेवले नाही. ह्यांनी विचारलं काय झालं, सांगितलं. हे म्हणाले, मग काय झालं, तू न्हाई सांगितलं तर दुसऱ्यानं सांगितलं आसतं.

माझी आजी सांगायची, गावात जनावर मेलं की आपल्या लोकांनाच हाक यायची, ओढून न्यायला. एके दिवशी सगळ्यांनी मिळून ठरवलं, ओढायचं नाही. गावानं पाणी तोडलं, काम तोडलं, तरी नाही म्हणजे नाही. आजी तेव्हा लहान होती. ती म्हणायची त्या दिवशी माझा बा पहिल्यांदा ताठ बसला.

त्यांनी मेलेलं ओढायचं सोडलं. मी बसल्या जागेवरून जिवंत ढकलते.

२४ जाने., शुक्र.

शशीकडं गेले. म्हणाले इथून पुढं जनावराचा नंबर माझ्याकडं मागू नको, बदलून घे, मीच बदलून देते. ती म्हणाली, "माझ्या तांबडीला तू एक दिस वैरण घातलीस का गं? व्हय, मला बी रडू आलं. तुझ्यासारखं मोबाईलवर लिवता येत न्हाई म्हनून मला काय वाटत न्हाई व्हय?"

तिचे डोळे सुजलेले होते, ते मी आत शिरताना बघितलंच नव्हतं. भांडायच्या तयारीनं गेले होते.

विहीणबाईंना तुझं दुधाचं मी सांगितलं न्हाई, असं पण म्हणाली. सोनीनंच सांगितलं असणार. म्हणजे सोनी तिकडं बोलते. इकडं बोलत नाही.

२६ जाने., रवि.

कोपरगावला जाऊन आले. मी आणि हे. ओटी भरली. सोनी बारीक झालीय, पोट तेवढं पुढं. डोळ्याखाली काळं. जावई नागापूरच्या एमआयडीसीतून सुट्टीला आलेले, कंपनीतून थेट, झोपाळलेले. मला नमस्कार केला आणि मोबाईल घेऊन बाहेर बसले.

दवाखान्यात रक्त कमी सांगितलंय. विहीणबाईंनी तो कागद माझ्यापुढं धरला, मीच रक्त कमी केल्यासारखा. मी म्हणाले रक्त कमी आहे तर गोळ्या, अळीव, खजूर, नाचणी, पालेभाजी. दुधानं रक्त वाढत नाही, मोबाईलवर बघा, डॉक्टरला विचारा. आणि सात महिने ती तुमच्याच घरात दूध पितेय की. हे मी बोलायला नको होतं.

डिंकाचे लाडू नेले होते, तुपाऐवजी तेलात डिंक तळून. चांगले झाले होते. विहीणबाईंनी एक फोडला, वास घेतला, आणि म्हणाल्या, "कांताबाई, तुमची गायीवर लई माया हाय, बरं हाय. थोडी पोरीवर बी करा."

चार बायांसमोर. त्यांच्या बोलण्यात वाकडेपणा नव्हता. म्हणून जास्त लागलं.

सोनी स्वैपाकघरात एकटी सापडली तेव्हा विचारलं, तुला काय पाहिजे? म्हणाली आई, तू नको ना सुरू करू. मी म्हणाले सुरू करत नाही, विचारते. तेवढ्यात सासूनं हाक मारली.

येताना गाडीत हे म्हणाले, पुढच्याच्या पुढच्या रविवारी आणायची ठरली, नऊ तारीख. विहीणबाई तयार झाल्या. मी विचारलं कशा तयार झाल्या. म्हणाले, मी शब्द दिला, दारात दुभती गाय आसल.

२८ जाने., मंगळ.

बोलणं बंद. मी भाकरी करते, हे खातात.

शेंगदाण्याच्या दुधाला मिरचीची देठं टाकून दही लावलं होतं, आज बरोबर लागलं. घट्ट. कोणाला दाखवावं, कोणी नाही. ग्रुपवर फोटो टाकायला मोबाईल काढला आणि ठेवून दिला. गाय जायला निघालीय आणि मी दह्याचे फोटो काढते.

सोनी उ.ना.

३० जाने., गुरु.

मोबाईलला विचारलं, बाळंतिणीला गायीचं दूध नाही दिलं तर चालतं का. लांबलचक लिहिलं. चालतं, पण आहार नीट पाहिजे, गोळ्या चुकवायच्या नाहीत, डॉक्टरला विचारा. मग विचारलं, सासू ऐकत नसेल तर. त्यावर लिहिलं, मोकळेपणानं संवाद साधा. त्याला सासू नाही म्हणून बरंय.

खरं लिहू का. मला भीती वाटते. मी बरोबर असेन तरी सोनीला काही झालं तर? तिला अंगावर दूध कमी आलं तर? तेव्हा कोणी कागद बघणार नाही. गावात पन्नास वर्षं म्हणतील कांतानं गाय वाचवली आणि पोर घालवली. आणि मी पण म्हणेन.

मी काय सोनीला बंदी घातली होती? तिनं प्यावं, डेअरीतून आणावं, मी स्वतः तापवून देईन, नाक दाबून देईन. हे मी ह्यांना बोलले. हे म्हणाले, मग डेअरीत तरी कुनाचं दूध हाय? तिथल्या गाईंना गोऱ्हे व्हत न्हाईत व्हय?

शाळेत न गेलेला माणूस, बरोबर तिथंच बोट ठेवतो.

पण एक फरक आहे. दूध डेअरीतून आणलं तर चंद्री राहते. एक तरी राहते.

२ फेब्रु., रवि.

हे म्हणाले व्यापारी शनिवारी येतो, आठ तारखेला. सकाळी ही नेणार, दुपारपर्यंत ती आणणार. दुसऱ्या दिवशी सोनी.

मी म्हणाले नंबर माझ्याकडं येणार आहे आणि मी तो सांगणार नाही.

ह्यांच्या ध्यानातच नव्हतं. मग म्हणाले मी नंबर बदलून घेतो. मी म्हणाले घ्या. कोणाकडून घेणार? गावात ते काम मीच करते. आणि बदलायला पण आधी जुन्या नंबरवरच येतो.

मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. गोठ्यात गेले, चंद्रीखालचं शेण काढलं, पाणी पाजलं. आत येऊन म्हणाले, "तू जनावराचं बघ. मी लेकीचं बघतो. कुनीतरी बघितलं पायजे ना तिचं."



४ फेब्रु., मंगळ.

ह्यांच्यापुढं शेवटचं मांडून बघितलं. चंद्री राहू दे, तिची वैरण, पाणी, शेण सगळं माझ्याकडं. सोनीला रोज दूध समोरून, चरवी घेऊन मीच जाईन. गाव हसलं तर हसू दे. हे म्हणाले, मला चालल. पन मी तिकडं शब्द दिलाय, दारात गाय आसल म्हनून. शब्द मोडला तर त्या पाठवनार न्हाईत.

मग विहीणबाईंना फोन केला, स्वतःहून, आवाज खाली ठेवून. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, कांताबाई, उद्या तुमचं मन फिरलं तर मी तिथं बघायला येनार हाय का? दारात गाय दिसली की माझी खात्री. मी म्हणाले दारात गाय आहेच. म्हणाल्या, ती भाकड.

त्यांची पण खात्री नाही माझ्यावर. का असावी.

जावयांना मेसेज केला. त्यांनी अंगठा पाठवला. कशाला अंगठा, ते कळलं नाही.

५ फेब्रु., बुध.

सोनीचा मेसेज आला. चोवीस दिवसांनी, आपणहून. दोन शब्द. तू ठरव.

दिवसभर तेच बघतेय. विहीणबाईंनी ठरवलं. ह्यांनी ठरवलं. व्यापाऱ्यानं दात बघून ठरवलं. मी पण पाच वर्षांपूर्वी कोणाला न विचारता ठरवलं, आणि घरात तेव्हापासून कोरा चहा. आता ही म्हणते तू ठरव. पोट तिचं, रक्त तिचं, बाळ तिचं.

लहानपणी पण अशीच. पोळ्याला कोणती बांगडी पाहिजे विचारलं तर म्हणायची, तू सांग. मला किती सोपं वाटायचं तेव्हा. समजूतदार पोर म्हणून मिरवायची मी.

६ फेब्रु., गुरु.

सकाळी सोनीला मेसेज पाठवला. बोलून नाही, एक एक अक्षर दाबून. इथं पण उतरवून ठेवते, उद्या कोणी म्हणायला नको मी असं म्हणाले नव्हते.

सोनी, तू ठरव हे उत्तर नाही. मी खूप वेळा ठरवलंय आणि दुसऱ्यांनी भोगलंय. म्हणून ह्या वेळी नाही ठरवणार.

तू दूध पाहिजे म्हणालीस, दारात गाय पाहिजे म्हणालीस, तर शनिवारी नंबर आला की मी माझ्या तोंडानं तुझ्या पप्पांना वाचून दाखवीन. चंद्री जाईल. नवीन आली की तिची धार पण मीच काढीन आणि तुला पेला भरून देईन, चार महिने, तोंड वाकडं न करता. तुला कधी बोलून दाखवणार नाही. पण हे पण सांगते की तिच्या गोऱ्ह्याचं तिकडं काय होईल ते मला माहीत आहे आणि आता तुला पण माहीत आहे.

आणि चंद्री राहू दे म्हणालीस, तर ते तुझ्या सासूला तू सांगायचं. मी नाही, पप्पा नाही. त्यांना सांगता येत नसेल तर बाळंतपण तिकडंच होईल, मी तिकडं येऊन राहीन. तुझी सासू बोलेल ते ऐकून घेईन. फरशीवर झोपेन.

तू पोटुशी, आणि तुझ्यावर मी हे टाकते, मला कळतं. दुसऱ्या कोणावर टाकायला जागा शिल्लक नाही.

सासूला विचारून सांगू नको. नवऱ्याला विचारून सांगू नको. माझ्या जिवाला काय वाटेल ते पण बघू नको. अंगठा पाठवू नको. तुझ्या शब्दात पाहिजे.

व्यापारी शनिवारी सकाळी सातला येतो. मला तुझं उत्तर उद्या, शुक्रवारी, संध्याकाळी पाच वाजायच्या आत पाहिजे.